गळतीचे ठिकाण : तोंड

माझ्या तोंडाची तक्रार पाणीखात्यात नोंदवली गेली, तिला रीतसर नंबर पडला आणि तिच्या निवारणासाठी सहा माणसं कुदळी-फावडी घेऊन माझ्या दारात आली. या प्रकाराला मी एकटा जबाबदार नाही, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकतो.

मी पाणीखात्यात गळती-शोधक अधिकारी आहे. जमिनीखालचा पाईप कुठे गळतोय हे कानानं ओळखायचं, हे माझं काम. लोखंडी कांडी रस्त्यावर टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि खाली पाणी काय म्हणतंय ते ऐकायचं. रहदारी सुरू झाली की ऐकू येत नाही, म्हणून आम्ही पहाटे निघतो. आता यासाठी यंत्रंही निघाली आहेत. आमच्याकडेही एक आहे. ते बिघडलं की नाही हे मी कान लावून सांगतो.

तर अशाच एका पहाटे एका चौकात गुडघे टेकून मी कांडीला कान लावला आणि मला झोप लागली. माझा कनिष्ठ सहकारी शेजारी वही घेऊन उभा होता. तो अत्यंत प्रामाणिक माणूस आहे. आयुष्यात मला जो काही त्रास झाला तो प्रामाणिक माणसांकडूनच. त्यानं वहीत लिहिलं : ‘६.१० – साहेब ऐकत आहेत. ६.२० – साहेब ऐकत आहेत. ६.३० – साहेब घोरत आहेत.’ ही वही दर शनिवारी वर जाते.

वरून मला खात्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथून झोपेच्या तपासणीला. अंगभर वायरी चिकटवून, ‘आता निवांत झोपा’ असं सांगून एक इसम काचेपलीकडून माझ्याकडे बघत बसला. निष्कर्ष असा निघाला की झोपेत माझा श्वास तासाला अडतीस वेळा बंद पडतो. घसा आतून मिटतो, मेंदू दचकून उठतो, श्वास सुरू होतो, पुन्हा मिटतो. म्हणजे मी रोज रात्री आठ तास झोपत होतो ते फक्त कागदोपत्री.

दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकारी बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “हवा देणारं मशीन लावून झोपायचं. मशीन रोजचा हिशेब स्वतः ठेवतं. महिनाअखेर मला सलग सात रात्री दाखवा. रोज किमान चार तास झोप, नुसतं पडून राहिलेलं मशीन धरत नाही, आणि श्वास अडण्याचा आकडा पाचाच्या खाली. मग बाहेरच्या कामाला फिट म्हणून सही करते.”

“आणि नाही जमलं तर?”

“एक तारखेला नेमणुकांची यादी लागते. मीटर-नोंदणी विभागात एक टेबल रिकामं आहे.”

ते टेबल मला माहीत होतं. खिडकी भिंतीकडे उघडते. ज्या माणसानं बावीस वर्षं शहराच्या पोटाला कान लावला, त्यानं उरलेली नऊ वर्षं त्या टेबलावर मीटरचे आकडे उतरवत बसायचं, या कल्पनेनंच मला बसल्या जागी मुंग्या आल्या. महिना सुरू झाला होता.

मशीन बसवायला आलेल्या तंत्रज्ञानं आमच्या पलंगावर तीन मास्क मांडले. एक नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा, दोन बोळ्यांचा. दुसरा फक्त नाकावर बसणारा, छोटा. तिसरा नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, भरभक्कम, चार पट्ट्यांचा.

“सर, बहुतेकांना नाकावरचा चांगला बसतो,” तो म्हणाला. “तोच घेऊन सुरुवात करू.”

“पण मी तोंड उघडं टाकून झोपतो.”

“आ वासून,” बायकोनं दुरुस्ती केली.

“नाकातून हवा नीट जायला लागली की बऱ्याच जणांचं तोंड आपोआप मिटतं, सर.”

तेवढ्यात आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी आत आले. हे निवृत्त हेडमास्तर. दार उघडं दिसलं की ते आत येतात आणि बंद दिसलं की का बंद आहे ते विचारायला येतात. तिन्ही मास्क त्यांनी उत्तरपत्रिकेसारखे उलटसुलट तपासले. “साहेब, अर्धवट उपाय करू नका. दोन दारं आहेत आणि तुम्ही एकालाच कडी घालणार? मोठा घ्या.”

मला हे पटलं. आमच्या खात्यातही शंका आली की मोठ्या व्यासाचा पाईप टाकतात. शिवाय, खरं सांगतो, मोठ्या मास्कमध्ये मी आरशात लढाऊ वैमानिकासारखा दिसत होतो. छोट्यात मी नाकाला काहीतरी झालेला कारकून दिसत होतो. तंत्रज्ञानं खांदे उडवले आणि कागदावर ‘नाक-तोंड, मोठा’ असं लिहून माझी सही घेतली.

पहिल्याच रात्री वैमानिकाचं विमान गळायला लागलं. मास्कच्या वरच्या कडेतून हवा सुटून थेट डोळ्यांत शिरू लागली. डावीकडे वळलो की उजव्या गालातून फुस्स, उजवीकडे वळलो की हनुवटीखालून फर्रर्र. बायको अंधारात म्हणाली, “अहो, माझ्या कपाळावर वारा येतोय. पंखा बंद करू की तुम्हाला?”

सकाळी मशीनच्या पडद्यावर निकाल लागला. आकडा एकवीस. त्याखाली लाल अक्षरांत : ‘गळती : जास्त’. आणि शेजारी एक गोल चेहरा, तोंड वाकडं केलेला. मी त्या शब्दाकडे बघत राहिलो. बावीस वर्षं हा शब्द मी दुसऱ्यांच्या दारात लिहीत आलो होतो.

हेडमास्तर रोज सकाळी निकाल विचारायला येऊ लागले. “किती?” “बावीस.” “कालपेक्षा एकानं घसरलात.” त्यांच्या सांगण्यावरून मी पट्ट्या आवळल्या. आकडा चोवीस झाला. आणखी आवळल्या, सव्वीस. दिवसभर गालांवर चार वळ घेऊन कचेरीत बसायचो. लेखनिकानं एकदा सहानुभूतीनं विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, झोपेचा त्रास आहे. तो म्हणाला, “वहिनींना?”

मग मिशीचा मुद्दा निघाला. मिशीतून हवा सुटते, असं हेडमास्तरांचं मत. मी रागावलो, पण माझ्या धंद्यानुसार त्यात तथ्य होतं: खडबडीत कडेवर रबराची चकती बसत नाही. कॉलेजपासूनची मिशी मी एका सकाळी उतरवली. बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “तुमचे ओठ असे आहेत होय.” त्या रात्रीचा आकडा एकोणीस आला. मिशी देऊन मला सात श्वास मिळाले होते.

पंधराव्या दिवशी बाईंकडे हजेरी होती. दारावरच्या शिपायानं ओळखपत्र बघितलं, मला बघितलं, पुन्हा ओळखपत्र बघितलं. “हे साहेब स्वतः का नाही आले?” मी म्हटलं, मीच तो. “ह्यांना मिशी आहे.” शेवटी मी बोट आडवं धरून ओठावर ठेवलं आणि त्या अवस्थेत आत गेलो.

बाईंनी निकाल चाळले. “मास्क चुकीचा आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मोठा मास्क आवळला की काही जणांची हनुवटी मागे ढकलली जाते. जीभ मागे जाते, घसा आणखी मिटतो. तुम्ही स्वतःचा गळा स्वतःच बंद करताय. वर हवाही सुटतेय. नाकावरचा घ्या. औषध तेच, फक्त कुठून द्यायचं ते बदला.”

म्हणजे तंत्रज्ञ पहिल्या दिवशी जे म्हणाला तेच. पण तो तरुण होता, पोलो शर्ट घालून आला होता आणि माझ्याशी सहमत झाला नव्हता. अशा माणसाचं ऐकायचं तरी कसं?

मास्क बदलायचा म्हणजे दवाखान्याच्या भांडारात जायचं. तिथला भांडारपाल पंचवीस वर्षं एकाच स्टुलावर बसलेला आहे.

“खराब झालाय का?” त्यानं विचारलं.

“खराब नाही. मला बसत नाही.”

“‘बसत नाही’ हे कारण यादीत नाही. तुटका, फाटका, गळका. यातलं सांगा.”

“गळका.” मी घाईत म्हटलं.

“मग गळतीचा दाखला जोडा. गळतीचा दाखला गळती विभाग देतो.”

“गळती विभाग म्हणजे मीच.”

“स्वतःच्या वस्तूचा दाखला स्वतः देता येत नाही,” तो म्हणाला. हा नियम मीच पाच वर्षांपूर्वी एका बैठकीत आग्रहानं मांडला होता.

म्हणून मी माझ्या प्रामाणिक कनिष्ठाला फोन करून सांगितलं की मास्कच्या गळतीचा एक दाखला टाइप करून ठेव. तो म्हणाला, “साहेब, साधा दाखला देण्याची सोय नव्या प्रणालीत नाही. तक्रार-अर्ज भरला की दाखला त्यातूनच निघतो.” मी म्हटलं, भर बाबा, दिवस चाललेत. त्यानं भरला. ‘पत्ता’ या रकान्यात माझ्या घराचा पत्ता. ‘गळतीचे ठिकाण’ या रकान्यात, बराच विचार करून, ‘तोंड’. ‘वेळ : रात्रभर’. ‘प्रमाण : जास्त’. ‘याआधी केलेले उपाय : आवळून पाहिले’.

आमच्या भाषेत तोंड म्हणजे इमारतीत शिरणारा पाईप जिथे मुख्य पाईपला जोडलेला असतो ती जागा. तिथे रात्रभर, जास्त प्रमाणात आणि आवळूनही न थांबणारी गळती ही पहिल्या दर्जाची तक्रार. प्रणालीनं दाखला काढलाच, त्याबरोबर तिनं पथकालाही हुकूम काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खालून ठणठण ऐकू आली. मी खाली धावलो तोवर बिल्डिंगच्या फाटकासमोर कंबरभर खड्डा झाला होता. हेडमास्तर बनियनवर काठाशी उभे होते.

“कोणाची तक्रार आहे ही?” ते गरजले.

मुकादमानं कागद वाचला. “साहेबांचीच आहे की. तोंड गळतंय म्हणतात.”

“यांचं?”

“तसंच लिहिलंय.”

पथकानं मला नमस्कार केला. मी मास्कचा, भांडाराचा आणि यादीचा सगळा इतिहास खड्ड्याच्या काठावर उभं राहून समजावून सांगितला. सहा माणसं फावड्यांवर रेलून लक्षपूर्वक ऐकत होती. शेवटी मुकादम म्हणाला, “म्हणजे पाईपचं तोंड नाही.” खड्डा कोरडा होता. त्यांनी तो बुजवला आणि कागदावर माझा शेरा घेतला : ‘सदर ठिकाणी गळती नाही’. मी सही केली. ही सही मी घाईत केली हे मला मान्य आहे.

पण दाखला मिळाला आणि मास्क मिळाला. नाकावरचा, छोटा. पट्ट्या सैल. पहिल्या रात्री तोंड उघडलं की हवेचा झोत बाहेर पडे आणि मी दचकून तोंड मिटे. तिसऱ्या रात्रीपर्यंत तोंडानं हा धडा घेतला. आता हवेचा कमी दाबही पुरू लागला. आकडा नऊ. मग सहा. मग चार. पडद्यावरचा गोल चेहरा पहिल्यांदा हसला. मला लिफ्टमध्ये जागं राहता येऊ लागलं. बैठकीत साहेब काय बोलतात ते मला कळू लागलं, हा भाग मात्र निराशाजनक निघाला.

चार, तीन, चार, चार, तीन, चार. सहा रात्री झाल्या. सातवीचा निकाल महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी दाखवायचा होता. त्या रात्री मला झोपच येईना. कूस बदलली, उशी बदलली, पुन्हा पहिली उशी घेतली. दीड वाजता कधीतरी डोळा लागला. पहाटे बायकोनं हलवलं.

“अहो, पुन्हा सुटतंय तुमचं. सुस्स आवाज येतोय.”

मी हातानं मास्कची कड तपासली. घट्ट. “नाही सुटत.”

“मग हे काय? हा आवाज तर कित्येक वर्षं येतोय. मला वाटायचं तुमच्या नाकातून येतो.”

मी मशीन बंद केलं. मास्क काढला. श्वास रोखला. आवाज येतच होता. बारीक, अखंड, भिंतीतून वर चढणारा. तो आवाज मी झोपेत नव्हे, बेशुद्धीतही ओळखला असता. पाईप गळत होता. आमच्याच बिल्डिंगचा.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मशीनवर भरले होते दोन तास पन्नास. आणखी एक तास दहा मिनिटं झोपलो असतो तर बाहेरचं काम पक्कं होतं. मी मास्क चढवून पडलो. कुशीवर वळलो, तर आवाज त्या कानात. दुसऱ्या कुशीवर, तर दुसऱ्या कानात. माझ्या बिछान्याखाली वर्षानुवर्षं पाणी वाहून जातंय आणि मी ते ऐकायचं नाही म्हणून पडून राहणार, ही गोष्ट मला सहा मिनिटं जमली. मग मी झाडूचा दांडा घेऊन खाली गेलो.

बुजवलेल्या खड्ड्यापासून दोन पावलांवर सापडलं. पथकानं तिथेच खणलं असतं तर तेव्हाच हाती आलं असतं. मी दांड्याला कान लावून उजाडेपर्यंत तिथे बसलो होतो आणि एकदाही डुलकी आली नाही. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं, पण तिथे फक्त दूधवाला होता आणि तो सायकल घेऊन लांबून गेला.

सकाळी बाईंनी सातवा निकाल बघितला. “दोन तास पन्नास.”

“मी गळती शोधत होतो.”

“नियम चार तासांचा आहे.”

मी कनिष्ठाला गाठलं. निदान पाईप तरी दुरुस्त व्हावा. तो कष्टी चेहऱ्यानं म्हणाला, “साहेब, बाहेरच्या कामाला तुम्ही सध्या अनफिट आहात. अनफिट माणसानं ऐकलेल्यावर खड्डा खणता येत नाही. आणि त्या पत्त्यावर ‘गळती नाही’ अशी सही आहे.”

“कोणाची?”

त्यानं पडदा हळूच दुसरीकडे वळवला. प्रामाणिक माणूस आहे, पण दुष्ट नाही.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पोहोचली. वरच्या मजल्यांना इतकी वर्षं पाण्याला जोर का नाही, याचं उत्तर सगळ्यांना एकदम मिळालं. दुपारी हेडमास्तर अकरा बिऱ्हाडांच्या सह्यांचा अर्ज घेऊन बाईंच्या पुढ्यात उभे राहिले. अर्जातलं पहिलं वाक्य होतं : ‘आमच्या इमारतीत राहणारे गळती अधिकारी यांना तातडीने झोपू द्यावे.’ बाईंनी तो दोनदा वाचला. “यादी उद्या दुपारी लागते,” त्या मला म्हणाल्या. “आजची रात्र धरते. चार तास, पाचाच्या खाली. ही शेवटची.”

त्या रात्री बिल्डिंगनं मला झोपवायला घेतलं. नऊला सगळे टीव्ही बंद झाले. फाटकाशी हेडमास्तर खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या स्कूटरी कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणायला लावू लागले. कोणी जिन्यातून अनवाणी चढत होतं. आणि दर दहा मिनिटांनी दाराबाहेर कुजबूज :

“झोपले का?”

“अजून नाही,” बायको फटीतून सांगायची.

“प्रयत्न करताहेत ना पण?”

अकरा बिऱ्हाडं आपल्या झोपेची वाट बघत उभी असताना झोपणं माणसाला शक्य नाही. मी छताकडे बघत होतो. नाकातून हवा शिस्तीत आत जात होती, तोंड मिटलेलं होतं, मास्क कुठेही सुटत नव्हता. उपचाराचा सगळा सरंजाम बिनचूक जुळला होता. फक्त रुग्ण जागा होता. साडेबारा. एक. दोन वाजता बायको उठली, दार उघडून बाहेर जमलेल्यांना म्हणाली, “तुम्ही सगळे जा बघू. मी आहे इथे.” आणि माझ्याकडे पाठ करून झोपून गेली. सगळे गेले.

मग सुस्स ऐकू आलं. दिवसभरच्या गोंधळात ते दबून गेलं होतं. मी कान दिला. पाईप किती खोल, भोक किती मोठं, खालच्या बाजूला की वरच्या, पाणी मातीत मुरतंय की गटारात जातंय, असं एकेक ठरवत गेलो. भोक खालच्या बाजूला होतं, हे ठरवल्याचं आठवतं. पुढचं आठवत नाही.

सकाळी बाईंनी मशीनच्या निकालाचा कागद वाचून दाखवला. “चार तास सहा मिनिटं. श्वास अडण्याचा आकडा तीन. गळती शून्य.” आणि सही केली.

मी तो कागद जवळजवळ धावतच कनिष्ठाकडे नेला. आता मी फिट होतो, माझं ऐकलेलं अधिकृत होतं, पथक बोलवायला हरकत नव्हती. त्यानं कागद प्रणालीत चढवला, थोडा वेळ पडद्याकडे बघितलं आणि उठून उभा राहिला.

“काय झालं?”

“साहेब, नेमणूक झाली. बाहेरचं काम, पूर्वीसारखं.” त्यानं घसा साफ केला. “पण प्रणालीनं हाच कागद तुमच्या घरच्या पत्त्यावर गळतीचा नवा अहवाल म्हणून चढवलाय. ‘गळती : शून्य’. खाली वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही. ती आपल्या मुख्य अभियंत्यांच्या वरची असते.”

मी खुर्ची ओढली आणि आयुष्यातली सर्वांत प्रामाणिक तक्रार लिहायला घेतली. विषय : माझी गळती शून्य नाही.